राजारामपुरीतलं मॅटर्निटी होम: डॉक्टरांबद्दल सगळेच लिहितात, मी लेबर रूममधल्या सिस्टरांबद्दल लिहितेय

रेटिंग पाचपैकी साडेचार. अर्धा का कापला ते खाली येईलच.

आपल्या कोल्हापुरात घरात कुणाला दिवस गेले की पहिला प्रश्न, नाव कुठं नोंदवायचं. आणि उत्तरं सगळी एकाच साच्यातली येतात, अमक्या मॅडमचा हात हलका आहे, तमके सर उगाच सीझर करत नाहीत, तिकडं रूम मोठ्या आहेत, इकडं कँटीन चांगलं आहे. पण रात्री अडीच वाजता तिथं लेबर रूममध्ये कोण असतं, ती सिस्टर काय शिकलीय, या कामात किती वर्षं आहे, हे कुणी विचारत पण नाही आणि सांगत पण नाही. पहिलटकरणीच्या कळा दहा-बारा तास सहज चालतात, त्यात डॉक्टर मॅडम किती वेळ जवळ असतात ते ज्यांच्या घरी बाळंतपण झालंय त्यांना माहितीये. त्या मधेमधे येऊन तपासतात आणि शेवटी येतात, आणि ते बरोबरच आहे, त्यांची ओपीडी असते, ऑपरेशन असतात. उरलेला सगळा वेळ बाई सिस्टरांच्या हातात असते. म्हणून हा रिव्ह्यू त्यांच्याबद्दल.

हॉस्पिटलचं नाव लिहीत नाही. राजारामपुरीत आतल्या गल्लीत आहे, लहान आहे, आणि सिस्टरांनी स्वतःबद्दल जे सांगितलं ते मोकळेपणाने गप्पांत सांगितलंय, त्यांची नावं-गावं अशी चव्हाट्यावर यायला नकोत. ज्यांना खरंच गरज असेल ते शोधून काढतीलच, कोल्हापूर केवढं.

माझी धाकटी बहीण पुण्याला असते, सातव्या महिन्यात माहेरी आली. पुण्याची फाईल घेऊन आम्ही आधी दोन-तीन ठिकाणी जाऊन आलो. इथं पहिल्याच भेटीत मला जी गोष्ट आवडली ती म्हणजे मॅडमनी तपासायच्या आधी एका सिस्टरनी तिला बाजूच्या खोलीत बसवून सगळं विचारलं, फक्त बीपी-वजन लिहून पुढं ढकललं नाही. पोटावर हात ठेवून बाळाचं डोकं कुठं, पाठ कुठल्या बाजूला हे तिला स्वतःला हात लावून दाखवलं. मग म्हणाल्या, आता डॉपलर इथं ठेवते बघ, पाठीच्या बाजूला ठोके चांगले ऐकू येतात, आणि खरंच पहिल्याच जागी टकटक सुरू. बहीण म्हणाली पुण्यात एवढ्या सोनोग्राफ्या झाल्या पण बाळ कसं आहे ते मला आज कळलं. बाहेर आल्यावर आईने काउंटरला विचारलं ह्या कोण ओ, तर कळलं की त्या ओबीजीच्या, म्हणजे प्रसूती आणि स्त्रीरोग विषयातल्या, एमएस्सी नर्स आहेत. आम्हाला एमएस्सी नर्स असतात हेच माहिती नव्हतं. तिथून माझं कुतूहल सुरू झालं की नर्स या विषयात येते कशी, आणि पुढं हॉस्पिटलमध्ये राहताना जी सिस्टर निवांत भेटेल तिला मी विचारत राहिले.

आता मेन रात्रीचं सांगते. पाणी गेलं म्हणून रात्रीच गाडी काढून गेलो. लेबर रूमला इन्चार्ज सिस्टर होत्या, वयाने आमच्या मावशीएवढ्या. त्यांनी आधी घड्याळ बघून पाणी किती वाजता गेलं ते विचारलं, पाण्याचा रंग कसा होता ते विचारलं, हिरवट होतं का, मग बाळाचे ठोके बघितले आणि मग बाकीचं. आई घाबरून एकाच वेळी दहा प्रश्न विचारत होती तर तिला म्हणाल्या, काकू तुम्ही बसा, चहा घ्या, अजून लई वेळ आहे, पोरीला मी बघते. तो आवाजच असा होता की आई खरंच बसली.

मग त्या बहिणीच्या पोटावर हात ठेवून शांत बसल्या, नजर घड्याळावर. मला वाटलं धीर द्यायला हात ठेवलाय. तर त्या कळा मोजत होत्या. दहा मिनिटांत किती कळा आल्या, एकेक कळ किती सेकंद टिकली, आणि कळ आली की पोट किती कडक होतंय. मशीन शेजारीच होतं, पट्टा पण लावलेला होता, तरी हात. म्हणाल्या मशीन कळ आली हे सांगतं, कळ जोराची आहे का नुसतीच आली ते हातालाच कळतं. दर अर्ध्या तासाने ठोके, ११० ते १६० च्या आत आहेत ना ते बघायचं, आणि सगळं एका आलेखाच्या कागदावर टिंब टिंब करून भरायचं. त्याला पार्टोग्राफ म्हणतात. गर्भपिशवीचं तोंड किती उघडलं, डोकं किती खाली आलं, कळा, ठोके, बीपी सगळं एकाच कागदावर, त्यामुळे बाळंतपण पुढं सरकतंय का अडकलंय हे एका नजरेत दिसतं. आधी ४ सेंटीमीटर उघडलं की कागद सुरू करायचे, २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने नवीन पद्धतीचा कागद काढला त्यात ५ पासून धरतात, कारण सगळ्या बायका एकाच वेगाने बाळंत होत नाहीत आणि उगाच घाई करायची नाही. हे मला रात्री दीड वाजता त्या सिस्टरांनी समजावून सांगितलं, एका हाताने बहिणीची कंबर चोळत. आत एका नातेवाईक बाईला थांबू देतात म्हणून मी पूर्ण वेळ आत होते. ही सोय कुठं नाव नोंदवताय तिथं आधी विचारून घ्या. सरकारने तर २०१६ मध्येच सरकारी दवाखान्यांत बाळंतिणीजवळ सोबतीण थांबू द्यायला सांगितलंय, तरी पुष्कळ प्रायव्हेट ठिकाणी अजून दार लावून घेतात आणि आतून नुसता ओरडण्याचा आवाज येतो.

या इन्चार्ज सिस्टर या कामात कशा आल्या? तर निवडून नाही. मिरजेकडं जीएनएम म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा केला, पहिली नोकरी लागली तेव्हा त्यांना ऑपरेशन थिएटर पाहिजे होतं. ड्युटी लिस्ट लागली त्यात नाव लेबर रूमला. त्या म्हणाल्या, नर्सला कोण विचारतंय तुला काय आवडतं म्हणून, लिस्टवर नाव दिसलं की जायचं. पहिले काही महिने रडत घरी जायच्या. शिकताना केसबुक भरायला २० नॉर्मल डिलिव्हरी स्वतःच्या हाताने कराव्या लागतात, वर तपासण्या, टाके, बाळंतिणींची देखभाल, सगळं लिहून सही घ्यायची, ते केलेलं होतंच, पण तेव्हा मागं ट्यूटर उभी असते. नोकरीत रात्री एकटीवर आलं तेव्हा कळलं. मग एका जुन्या सिस्टरनी हाताला धरून शिकवलं, डोकं दिसायला लागल्यावर हात कसा द्यायचा म्हणजे फाटत नाही, बाईला कधी जोर लाव म्हणायचं आणि कधी फुंकर मार म्हणायचं. नंतर थिएटरला बदली मिळत होती तेव्हा यांनीच नको म्हटलं. का ते विचारलं तर म्हणाल्या, थिएटरमध्ये पेशंट झोपलेला असतो गं, इथं बाई माझ्याशी बोलते.

मला हे फार महत्त्वाचं वाटलं. कारण आपल्याकडं बहुतेक सिस्टर अशाच येतात. ड्युटी लिस्टने. काही रमतात, काही सहा महिन्यांनी दुसऱ्या वॉर्डला जातात, आणि बाळंतीण मात्र त्या दिवशी जी असेल तिच्या हाती. सरकारी दवाखान्यांत तर बदल्या ठरलेल्याच, लेबर रूममध्ये तयार झालेली सिस्टर उठून मेडिकल वॉर्डला जाते आणि तिकडची इकडं येते. लेबर रूमच्या दर्जासाठी २०१७ च्या शेवटी केंद्र सरकारने लक्ष्य नावाचा कार्यक्रम आणला. लेबर रूममधला स्टाफ ट्रेनिंग घेतलेला असावा आणि तो सारखा हलवू नये, हे साधं दिसतं पण माझ्या मते यातच सगळं आलं.

शिक्षणाचं पण थोडं सांगते, कारण ज्यांच्या मुली बारावीनंतर नर्सिंगला जाणार आहेत त्यांना उपयोगी पडेल. एएनएम हा सगळ्यात छोटा कोर्स, दोन वर्षांचा, जीएनएम तीन वर्षांचं, बीएस्सी नर्सिंग चार वर्षांचं. जीएनएम आणि बीएस्सी या दोन्हींत मिडवाइफरी म्हणजे बाळंतपणाचं शास्त्र असतंच, म्हणून पास झाल्यावर महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडं नोंद होते ती नर्स आणि मिडवाइफ अशी दोन्हीची. म्हणजे कागदावर प्रत्येक सिस्टर सुईण आहे. पण कागदावर असणं वेगळं आणि कळा चालू असलेल्या बाईशेजारी बारा तास उभं राहणं वेगळं. खास याच विषयात जायचं तर बीएस्सीनंतर एक वर्ष काम करून एमएस्सीला ॲडमिशन घ्यायची, दोन वर्षं, आणि त्यात विषय निवडायचा, मेडिकल सर्जिकल, बालरोग, मानसिक आरोग्य, कम्युनिटी आणि ओबीजी म्हणजे प्रसूती आणि स्त्रीरोग. जीएनएम झालेलीला मधे दोन वर्षांचं पोस्ट बेसिक बीएस्सी करावं लागतं. कोल्हापूर, सांगली, मिरज या पट्ट्यात नर्सिंग कॉलेजं भरपूर आहेत, मिरजेच्या वानलेस हॉस्पिटलची नर्सिंगची परंपरा तर शंभर वर्षांच्या वरची, त्यामुळे आपल्या भागातल्या पोरींना त्यासाठी लांब जावं लागत नाही.

आणि इथंच एक गोष्ट मला खटकली, ती या हॉस्पिटलबद्दल नाहीये, एकूणच. पहिल्या भेटीत ज्या एमएस्सी सिस्टर भेटल्या त्यांना विचारलं तर म्हणाल्या, आमच्या बॅचच्या जवळपास सगळ्या जणी कॉलेजवर शिकवायला आहेत. एमएस्सी झालं की ट्यूटर, मग लेक्चरर. पगार बरा, नाइट ड्युटी नाही, रविवारी सुट्टी. म्हणजे जिने हाय रिस्क बाळंतपण दोन वर्षं अभ्यासलं ती फळ्यासमोर आणि लेबर रूममध्ये नवीन पास झालेली पोरगी. यात त्या शिक्षिकांचा काय दोष नाही, शिकवणारं पण कुणीतरी पाहिजेच. पण दवाखान्यात एमएस्सी नर्ससाठी वेगळी जागाच नसते, वेगळा पगार नसतो, ती जीएनएमच्या बरोबरीने त्याच रजिस्टरवर सही करते, मग ती का थांबेल? या सिस्टर पण काही वर्षं ट्यूटर होत्या. मुलींना डमीवर डिलिव्हरी शिकवताना त्यांना वाटायला लागलं की आपलाच हात सुटत चाललाय, म्हणून त्या परत आल्या. मॅडमनी त्यांना लेबर रूमचं ट्रेनिंग आणि क्लिनिकल बघायला ठेवलंय. हे या हॉस्पिटलचं मला सगळ्यात जास्त कौतुक वाटलं, कारण त्यासाठी खिशातून पैसे घालावे लागतात आणि बाहेर बोर्डवर लावून पेशंट वाढतील असली ती गोष्ट नाही.

त्याचा उपयोग काय झाला ते आता सांगते.

पहाटे डिलिव्हरी नॉर्मल झाली, मुलगी. बाळ लगेच रडलं, पुसून आईच्या छातीवर ठेवलं, नाळ लगेच कापली नाही, मिनिटभर थांबले, त्याने बाळाला रक्त जास्त मिळतं म्हणून. बहिणीला मांडीत पिशवी आकसायचं ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन दिलं, वार पूर्ण पडली, ती उलटून-पालटून तपासली. मॅडम सगळं बघून टाके घालून पलीकडच्या पेशंटकडं गेल्या. आम्ही सगळे बाळात. बाहेर आईचं फोन करणं सुरू झालेलं, जावईबापू पुण्याहून निघाले. या एमएस्सी सिस्टर तेव्हा नुकत्याच ड्युटीला आल्या होत्या. नियम असा की बाळंतपणानंतर पहिले दोन तास दर पंधरा मिनिटांनी बीपी, नाडी आणि रक्तस्राव बघायचा. दुसऱ्या का तिसऱ्या फेरीला त्यांनी चादर उचलली, पॅड बघितलं आणि बेंबीपाशी हात ठेवला. पिशवी दगडासारखी कडक लागायला पाहिजे ती मऊ लागत होती. बहीण तर बाळाकडं बघून हसत होती, तिला काहीच त्रास वाटत नव्हता.

पुढचं सगळं इतक्या पटकन झालं की मला क्रम नंतर समजला. त्यांनी एका हाताने पिशवी चोळायला घेतली, दुसऱ्या सिस्टरला मॅडमना हाक मारायला सांगितलं, आणि तिसरीला नाव घेऊन सलाइन आणि ऑक्सिटोसिनची ड्रिप. ओरडाओरडा नाही, पळापळ नाही, प्रत्येकीला काय करायचं ते माहिती होतं. नळीने लघवी काढली, कारण लघवीची पिशवी भरलेली असेल तर गर्भाशय नीट आकसत नाही. पॅड फेकले नाहीत, वजन करून बघितले, किती रक्त गेलं त्याचा अंदाज यायला. मॅडम येईपर्यंत पिशवी आवळायला लागली होती, रक्त चढवायची वेळ आली नाही. नॉर्मल बाळंतपणात ५०० मिलीच्या वर रक्त गेलं की त्याला धोका धरतात आणि जगभर बाळंतपणात बायका दगावतात त्यात अतिरक्तस्राव हे सगळ्यात मोठ्या कारणांपैकी एक आहे. हे सगळं मी नंतर त्यांनाच विचारलं. तेव्हा त्यांनी सांगितलं की इथं नेमाने याची ड्रिल घेतात, एक सिस्टर पेशंट होते, बाकीच्यांनी घड्याळ लावून करून दाखवायचं, कोण औषध आणणार, कोण लिहिणार, कोण फोन करणार. आणि ती ड्रिल त्या स्वतः घेतात. कॉलेजवर शिकवलेलं सगळं इथं वापरतेय म्हणाल्या.

म्हणून मी म्हणतेय की सिस्टर काय शिकलीय ते विचारा. त्या पंधरा मिनिटांच्या फेरीला चादर उचलायचा कंटाळा केला असता तर? आमच्या नात्यातल्या एका मुलीच्या वेळी दुसऱ्या एका ठिकाणी, नाव घेत नाही, अख्ख्या मजल्याला रात्री एकच सिस्टर होती, वॉर्ड पण तिच्याकडं आणि लेबर रूम पण तिच्याकडं, ती बिचारी सलाइन बदलायला पळत होती. शेवटी बाळ लवकर यावं म्हणून कुणीतरी पोटावर वरून जोर दिला. हे करू नये असं आता स्पष्ट सांगितलं जातं, आई आणि बाळ दोघांना इजा होऊ शकते. त्या एकटीला दोष देऊन उपयोग नाही, एकटीवर तेवढं टाकलं तर काय होणार.

दिवसाच्या ड्युटीला अजून एक सिस्टर आहेत, त्यांच्याबद्दल लिहिल्याशिवाय हे पूर्ण होणार नाही. त्या एएनएम, सरकारी नोकरीतून रिटायर झालेल्या, नोकरीचा बराच काळ गगनबावड्याकडच्या उपकेंद्रात. जुलैमध्ये तिकडचा पाऊस ज्याने बघितलाय त्याला कळेल, रस्ता बंद म्हणजे बंद, ॲम्ब्युलन्स अर्ध्यात, लाइट नाही. त्या म्हणाल्या, तिथं डॉक्टरची वाट बघायची सोयच नव्हती, जे करायचं ते मी आणि गावची आशा कार्यकर्ती. सरकारचं २१ दिवसांचं बाळंतपणाचं ट्रेनिंग असतं ते त्यांनी केलं होतं, त्यात एएनएमला पण ऑक्सिटोसिन द्यायची आणि झटके आलेल्या बाईला पुढं पाठवायच्या आधी मॅग्नेशियम सल्फेटचा पहिला डोस द्यायची परवानगी असते. त्या म्हणाल्या त्यांचं खरं शिक्षण हे की कुठली बाई आपल्याकडं ठेवायची आणि कुठलीला पाऊस यायच्या आधीच कोल्हापूरला सीपीआर या सरकारी दवाखान्यात पाठवायचं, हे नवव्या महिन्यात घरी जाऊन बघूनच ठरवायचं. डिग्री सगळ्यात छोटी, पण बहिणीला दूध येत नव्हतं, बाळ धरत नव्हतं, तेव्हा आम्ही सगळे पावडरच्या डब्याची भाषा करायला लागलो होतो, तर यांनी येऊन आधी आम्हाला सगळ्यांना बाहेर काढलं, बाळाचं तोंड मोठं उघडल्याशिवाय लावायचंच नाही हे दाखवलं आणि चीक वाटीत काढून चमच्याने पाजला. संध्याकाळपर्यंत बाळ लागलं.

या हॉस्पिटलची ओपीडी नुसती गरोदर बायकांची नाहीये, आणि तिथंही या सिस्टर लागतात. पाळी जातानाचा रक्तस्राव, अंग बाहेर येणं, पिशवी काढायची का नाही याची भीती, हे आपल्याकडच्या बायका डॉक्टरांसमोर निम्मंच बोलतात, बाहेर सिस्टरला सगळं सांगतात. आमच्या आईचंच घ्या, लेकीच्या बाळंतपणाला आलेली, रिटायर्ड सिस्टरांशी बोलता बोलता स्वतःचं दुखणं सांगून बसली जे आम्हा दोघींना पण कधी बोलली नव्हती. त्यांनी तिला गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरची तपासणी करून घ्यायला लावली. ॲसेटिक ॲसिड लावून मिनिटभरात बघायचं, पांढरा डाग दिसतोय का, शिकलेली नर्स करू शकते, ३० ते ६५ वयाच्या बायकांनी दर पाच वर्षांनी करावी असं सरकारी धोरणातच आहे. आईचं नॉर्मल आलं. तुमच्या घरातल्या बायकांची झालीय का ते पण बघा.

थोडं विषयांतर होतंय, पण कोल्हापूरकर म्हणून सांगायलाच पाहिजे. आज ज्याला आपण सीपीआर म्हणतो ते पूर्वीचं आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटल. आनंदीबाई जोशी १८८६ मध्ये अमेरिकेत डॉक्टर झाल्या, त्यांच्या प्रबंधाचा विषयच प्रसूतिशास्त्र होता, आणि कोल्हापूर संस्थानाने त्यांची याच हॉस्पिटलच्या स्त्री विभागाची प्रमुख म्हणून नेमणूक केली होती. त्या रुजू व्हायच्या आधीच २६ फेब्रुवारी १८८७ ला गेल्या, एकवीस वर्षांच्या. दसरा चौकातून रोज जाणाऱ्या कितीतरी लोकांना हे माहिती नसतं. पुढं शाहू महाराजांच्या काळात कृष्णाबाई केळवकरांनी तिथं बायकांसाठी काम केलं. आज सीपीआरच्या लेबर रूममध्ये नर्सिंगच्या पोरी केसबुक घेऊन उभ्या असतात, जिल्ह्यातल्या गोरगरिबांची आणि अवघड बाळंतपणं तिथंच येतात, आणि आपण प्रायव्हेटमध्ये ज्या तयार सिस्टर बघतो त्यांतल्या कितीतरी जणींचा हात अशा सरकारी दवाखान्यांतच बसलेला असतो. प्रायव्हेटचं कौतुक करताना हे विसरू नये असं मला मनापासून वाटतं.

आता अर्धा स्टार का कापला. पार्किंग नाहीच, गल्लीत गाडी लावून रात्री बाळंतिणीला चालवत आणावं लागलं, निदान गेटसमोरची जागा तरी मोकळी ठेवायला पाहिजे. बिलात हातमोजे, पॅड वगैरे सगळं एकत्र कन्झ्युमेबल म्हणून लावलंय, विचारल्यावर फोड करून दिली पण विचारायला लागू नये. आणि सगळ्यात मोठं म्हणजे रविवारी रात्री स्टाफ कमी असतो. तेव्हा ज्या दोन सिस्टर होत्या त्या नवीन पास झालेल्या, वागायला खूप गोड, पण बहिणीने टाके दुखतात म्हटल्यावर एकमेकींकडं बघायला लागल्या. इन्चार्ज सिस्टर फोनवर होत्या हे खरं, तरी जुनी एक सिस्टर प्रत्येक शिफ्टला पाहिजेच. मी हे मॅडमना तोंडावर सांगितलंय, त्यांनी ऐकून घेतलं, म्हणाल्या तयार सिस्टर टिकत नाहीत, परदेशात जातात नाहीतर सरकारी भरतीत लागतात, आणि त्यांना अडवणार तरी कसं. त्यांचं पण बरोबर आहे, पण त्याचा त्रास शेवटी बाळंतिणीलाच.

त्या दोघींतल्या एकीशी नंतर बोलले, आजऱ्याकडची पोरगी, बीएस्सी झालेली. तिला आयसीयू पाहिजे होतं, मिळालं हे. आधी तोंड वाकडं केलं म्हणाली, पण आता एमएस्सी करायची तर ओबीजीच घेणार असं ठरवलंय. का तर इन्चार्ज सिस्टरांसारखं नुसत्या हाताने कळ ओळखता यायला पाहिजे म्हणून. मी तिला म्हटलं मग शिकवायला जाऊ नको बाई, लेबर रूममध्येच राहा, तर हसली. तिला एमएस्सी सिस्टरांनी दुसरा रस्ता पण सांगितलाय. २०१८ मध्ये केंद्र सरकारने मिडवाइफरी सेवेची मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यात नर्स झालेल्यांसाठी अठरा महिन्यांचा कोर्स आहे, नर्स प्रॅक्टिशनर इन मिडवाइफरी. ती नॉर्मल बाळंतपण सुरुवातीपासून शेवटपर्यंत स्वतःच्या जबाबदारीवर सांभाळणार आणि अडचण दिसली की डॉक्टरांना बोलावणार. तेलंगणात हे आधीच सुरू झालं होतं. आपल्या जिल्ह्यात अशा सिस्टर प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात बसल्या तर चंदगड-शाहूवाडीच्या बायकांना नॉर्मल बाळंतपणासाठी कोल्हापूरपर्यंत यावं लागणार नाही, आणि लिस्टवर नाव आलं म्हणून नाही तर हेच काम करायचंय म्हणून शिकलेली सिस्टर मिळेल. माझं तर म्हणणं आहे की आपल्या आमदार-खासदारांकडं रस्त्यांसोबत हे पण मागायला पाहिजे.

तुम्ही कुठंही नाव नोंदवा, पण नोंदवताना एवढं नक्की विचारा की रात्री लेबर रूममध्ये किती सिस्टर असतात आणि त्यांतली सगळ्यात जुनी किती वर्षं फक्त याच कामात आहे, वॉर्ड आणि लेबर रूम एकाच सिस्टरकडं असतात का, पार्टोग्राफ भरतात का, घरची एक बाई आत थांबू शकते का. चांगल्या ठिकाणी याचा राग येत नाही, इथं तर इन्चार्ज सिस्टर स्वतः लेबर रूम दाखवायला घेऊन गेल्या. सातवा महिना संपायच्या आत एकदा जाऊन सिस्टरांना भेटून या, दुपारी तीन ते पाच ओपीडीला गर्दी कमी असते तेव्हा त्या निवांत बोलतात. रूम थोड्या आहेत, लग्नसराईनंतरच्या महिन्यांत लवकर भरतात. आणि जाताना गाडी मेन रोडलाच लावा.